हात लावला की चालतं

“…आणि हात लावला की चालतं? दर वेळी?”

“दर वेळी, बाई.”

“आणि हात नाही लावला तर?”

सुदर्शन मगदूमनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला. हात न लावता ते यंत्र त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

केळुसकर बाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सुपातला खडा उचलून त्यांनी पायरीखाली टाकला. पुन्हा विचारलं नाही.

आजऱ्याच्या बाहेर, रस्ता जंगलाकडे वळतो तिथं बाईंचं कौलारू घर होतं. आयुष्यभर बंगळूरला मोजमापाच्या यंत्रांची सर्किटं रचून आणि ती रचायला शिकवून झाल्यावर त्या इथं येऊन राहिल्या होत्या. ओसरीच्या एका टोकाला त्यांचं कामाचं टेबल होतं. त्यावर सोल्डरिंगचं आयर्न, भिंग, तारांची गुंडाळी, आणि त्यांच्यातच लोणच्याची एक बरणी.

जुने विद्यार्थी अडले की इथं येत. बाई फार बोलत नसत. आलेला माणूस बहुतेक वेळा आला होता त्याहून जास्त गोंधळून परत जाई, आणि काही दिवसांनी फोन करून आभार मानी. कशाबद्दल, ते बाई विचारत नसत.

सुदर्शन त्यांतला सगळ्यांत हुशार. हे बाईंनी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पण त्याला ते ठाऊक होतं.

“बाई, मी सगळं तपासलंय,” तो म्हणाला. “एक एक जोड, एक एक ट्रान्झिस्टर. कुठंच काही चुकलेलं नाही. तरी ते बंद पडतं. आणि बंद पडलं म्हणून मी उघडून बघतो, तर चालू असतं. मला… मला काही कळत नाही.”

“हं.”

“मीटर आणलाय. दाखवू?”

“नको.”

त्यानं पिशवीची चेन अर्धी उघडली होती. ती तशीच राहिली.

पिशवीत होतं ते यंत्र नदीकाठच्या भोंग्याचं. बंधाऱ्यावर पाणी चढू लागलं की भोंगा वाजायचा आणि दोन्हीकडची वाहनं थांबायची. वर सोलर पॅनल, खाली लहानशी बॅटरी, आत पाण्याची पातळी मोजणारं सर्किट, चालू असल्याची खूण म्हणून बाहेर एक हिरवा दिवा. आणि या सगळ्याच्या पोटात सुदर्शननं रचलेला रेफरन्स.

रेफरन्स म्हणजे पक्कं माप. पॅनलची वीज ढगांबरोबर कमीजास्त होते, बॅटरी भरते, उतरते. पण आत एक व्होल्टेज असं लागतं, की जे कशानंच हलत नाही. रेग्युलेटर त्या मापाकडे बघत बघत बाकीच्या यंत्राला वीज पुरवतो. माप चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं.

सुदर्शनचं माप चुकत नसे. महाबळेश्वरच्या जानेवारीत आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात ते केसभर हलत नसे. आत दोन व्होल्टेज होती. एक उष्णतेनं घसरायचं, दुसरं उष्णतेनं चढायचं. त्यांची बेरीज त्यानं अशी जमवली होती की एकाची घसरण दुसऱ्याच्या चढात विरून जाई. ही युक्ती जुनीच. पण इतक्या कमी भागांत ती कुणी बसवली नव्हती. कंपनीत लोक त्याचं सर्किट बघायला येत. तो ते कागदावर काढून दाखवी, आणि काढून झाल्यावर जरा मागं सरके, पूर्ण झालेली रांगोळी बघावी तसा.

मग श्रावणात सलग ढग राहिले. सूर्य दिसेना. भोंग्यांच्या बॅटऱ्या पहिल्यांदाच पार उतरल्या.

त्याचीही सोय विचारात घेतलेली होती. बॅटरी उतरली तरी उजाडलं, पॅनलवर थोडा उजेड पडला, की यंत्रानं आपोआप उठायचं होतं.

एका गावच्या बंधाऱ्यावर एका सकाळी ते उठलं नाही.

गावात पाऊस थांबला होता, पण घाटमाथ्यावर कोसळत होता. पाणी आवाज न करता चढलं. भोंगा गप्प, म्हणून दुधाची गाडी बंधाऱ्यावर गेली. गाडी वाहून गेली. चालवणारा यशवंता करंजाच्या झाडाला अडकला म्हणून वाचला. बोट येईपर्यंत दुपार झाली. गाडी वाहून जाताना त्याचा पाय तिच्याखाली चिरडला होता. तो गुडघ्याखाली काढावा लागला.

सुदर्शन त्याच दिवशी तिथं पोचला. माणसं जमलेली होती. भोंगा बसवणारा भरमू नाईक खांबापाशी उभा होता.

“साहेब, बंदच हुतं. सकाळधरनं बंद हुतं. मी सोता बघितलंय.”

सुदर्शननं झाकण उघडलं. मीटरच्या तारेच्या टोकाची सुई आत टेकवली.

हिरवा दिवा लागला. भोंगा अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा वाजला.

“बघ,” सुदर्शन म्हणाला. “माझ्या हातात चालतंय. जोडणी ढिली ठेवलीस तू.”

हे तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. त्या संध्याकाळी कंपनीनं भरमूला कामावरून कमी केलं. यशवंता त्याच्याच गल्लीतला. भरमूच्या घरचा दळणाचा डबासुद्धा गिरणीवाला सगळ्यांच्या शेवटी घेऊ लागला.

गोष्ट इथं संपली असती.

पण पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका बंधाऱ्यावरून फोन आला. हिरवा दिवा लागलेला नाही. सुदर्शन गेला, झाकण उघडलं, सुई टेकवली. दिवा लागला.

हा भोंगा भरमूनं बसवलेला नव्हता. सुदर्शननं स्वतः बसवला होता, नमुना म्हणून, बाकीच्यांना शिकवायला.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. खांबावर दुसरं यंत्र लावलं, हे काढून पिशवीत घातलं आणि आजऱ्याची वाट धरली. उद्या अकरा वाजता कंपनीच्या बैठकीत त्याला ठाम सांगायचं होतं, दोष कुणाचा.

“बाई,” तो म्हणाला, “उद्या मला उत्तर द्यायचंय.”

“मग उद्या दे.”

“पण आज कळायला हवं ना!”

बाई उठल्या. सूप आत ठेवून आल्या.

“बॅटरी काढ त्याची.”

त्यानं काढली.

“पॅनल जोड. अंगणात त्या कट्ट्यावर ठेव. तोंड पूर्वेला.”

त्यानं ठेवलं. दिवस मावळतीला आला होता. पॅनलवर नुसती सावली होती.

“आता?”

“आता हात धू. जेवायला बस.”

जेवताना तो बोलत राहिला. ओलसरपणा असेल का? मुंग्या गेल्या असतील का? एखादा जोड थंडीनं आखडून सुटत असेल, आणि सुई टेकवल्यावर दाबानं पुन्हा चिकटत असेल? प्रत्येक शक्यता त्यानं स्वतःच मांडली आणि स्वतःच खोडली. बाई भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत ऐकत होत्या.

“तुम्हाला काय वाटतं?” शेवटी त्यानं विचारलं.

“मीठ कमी पडलंय.”

त्याला रागही येईना आणि हसूही येईना.

झुंजुमुंजू झालं तेव्हा बाईंनी त्याला हाक मारली. अंगणात धुकं होतं. त्यांनी त्याला एक पाट दिला, स्वतः दुसरा घेतला. कट्ट्यापासून चार हातांवर दोघं बसले.

“काय करायचं?”

“बसायचं.”

“मीटर घेऊन येतो. निदान पॅनलची वीज किती चढतेय…”

“सुदर्शन.”

तो बसला.

धुक्यातून उजेड कधी आला ते सांगता आलं नसतं. आधी फणसाच्या झाडाचा काळा आकार दिसू लागला, मग त्याची पानं, मग पानांचा रंग. कुठंतरी म्हैस हंबरली. पॅनलची काच करडी होती ती हळूहळू निळी झाली.

हिरवा दिवा लागला नाही.

“अजून वीज कमी असेल,” सुदर्शन म्हणाला.



धुकं वर सरकलं. पाटाखालच्या ओल्या मातीचा रंग दिसू लागला. ढगांमागून का होईना, सूर्य वर आला. आता वीज कमी असणं शक्य नव्हतं. एवढ्या उजेडात तसले दोन भोंगे चालले असते.

दिवा लागला नाही.

यंत्र त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांदेखत बंद होतं. पहिल्यांदाच. आजवर तो पोचताच झाकण उघडून सुई टेकवत असे; ते बंद असल्याचं त्यानं फक्त लोकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि एकदाही खरं मानलं नव्हतं.

“बंद आहे,” तो म्हणाला. “बाई, ते बंद आहे.”

“आहे.”

“आता बघू? आता तरी उघडून बघू?”

“बघ.”

तो धावलाच. झाकण उघडलं. मीटरची लाल सुई त्यानं रेफरन्सच्या सर्किटावर टेकवली. नीट टेकवलीही नव्हती, नुसती लागली…

हिरवा दिवा लागला.

सुदर्शन झटका बसल्यासारखा मागं सरला. दिवा तसाच तेवत राहिला. त्यानं मीटरकडे बघितलं. व्होल्टेज जिथं असायला हवं तिथंच होतं, केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

“हे बघा! हेच! हेच होतं दर वेळी!” तो वळून ओरडला. “आता बघितलंत ना? काहीसुद्धा बिघडलेलं नाही. सगळं जिथल्या तिथं. मग मघाशी काय झालं होतं याला?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? बंद होतं!”

“बंद होतं. बिघडलं नव्हतं.”

त्यानं मीटर कट्ट्यावर ठेवला.

“तुझ्या सर्किटची मोठी गोष्ट कुठली?” बाईंनी विचारलं.

“माप हलत नाही, ही.”

“मघाशी हललं होतं?”

“मघाशी… मघाशी ते शून्यावर होतं, बाई.”

“हललं होतं का?”

सुदर्शननं डोकं धरलं. “शून्यावर काय हलायचंय? तिथं…”



त्याचं सर्किट स्वतःच्याच आधारावर उभं राहत असे. आत थोडा जरी प्रवाह वाहत असला तरी तोच प्रवाह स्वतःला ओढून नेमक्या जागेवर नेई आणि तिथं धरून ठेवी. हे त्यानं शंभर वेळा कागदावर काढून दाखवलं होतं. पण मुळात प्रवाहच नसेल तर? मग ओढायलाही कुणी नाही. मग तेच सर्किट तितक्याच घट्टपणे शून्य धरून बसणार. ऊन येवो, थंडी येवो. केसभर न हलता.

त्या सर्किटला स्थिर बसायला दोन जागा होत्या. त्यानं आयुष्यभर एकीकडेच बघितलं होतं.

“पण मग माझ्या टेबलावर…” तो अडखळला. “माझ्या टेबलावर ते एकदाही असं बसलं नाही. एकदाही नाही, बाई. का?”

“तिथं वीज कशी देतोस?”

“कशी म्हणजे? बटण दाबून.”

बाईंनी वर बघितलं. ढगांआडून सूर्य अजून वर चढतच होता, त्याच्या त्याच्या चालीनं.

“याला बटण नाही,” त्या म्हणाल्या.

सुदर्शन कट्ट्यावर बसला. बटण दाबलं की वीज धाडकन येते. त्या धक्क्यानंच सर्किट जागं होत असे. बॅटरी जोडतानाही तसंच. तार टेकली की झटका. म्हणून बसवलेल्या दिवशी प्रत्येक भोंगा चालू झाला होता, आणि बॅटरी होती तोवर चालूच राहिला होता. पहाट मात्र धक्का देत नाही. पहाटेची वीज इतकी सावकाश चढते की शून्यावर बसलेल्याला कळतसुद्धा नाही.

आणि सुई… सुई टेकवली की हातातली, तारेतली कणभर वीज आत जायची. तेवढी पुरायची.

म्हणजे तो तपासायला गेला की तपासण्यासारखं काही उरतच नव्हतं. बंद पडलेल्या यंत्राला तोच जागं करत होता, आणि मग म्हणत होता, बघा, चालतंय की!

“हे पुस्तकात आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुम्हीच शिकवलं होतंत. सुरुवात करून देणारा एक लहानसा भाग असतो. वीज आली की एकदा ढकलतो आणि मग बाजूला होतो.”

“तुझ्यात आहे तो?”

“नाही.”

“नव्हताच?”

“होता. मी काढला.”

“का?”

फणसावरून पाणी ठिबकत होतं.

“काही करायचा नाही तो,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरवर चालवून बघितलं, टेबलावर बघितलं. तो असला काय नि नसला काय, काही फरक नाही. नुसता बसून असायचा. मला वाटलं… जुन्या लोकांची सवय. भीतीपोटी घालत असतील.”

बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

बैठकीची वाट न बघता त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला. दोष सर्किटचा आहे, म्हणाला. माझा आहे. भरमू नाईकची जोडणी बरोबर होती. पलीकडून साहेब बराच वेळ बोलत होते. सगळे भोंगे उतरवावे लागतील, बाहेर काय सांगायचं, तुझी खात्री आहे का, एकदा नीट विचार कर. सुदर्शन प्रत्येक वाक्यामागं नुसतं “हो” म्हणत होता. शेवटी म्हणाला, “साहेब, उतरवायलाच हवेत. तोवर प्रत्येक बंधाऱ्यावर माणूस बसवा. मीसुद्धा बसतो.”

त्यानं फोन ठेवला.

“आता भरमूला लावतो,” तो म्हणाला.

“फोन?”

“हो.”

बाईंनी पाट उचलले आणि भिंतीला लावून ठेवले.

सुदर्शननं फोन खिशात घातला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

त्या गावात पोचेपर्यंत त्यानं मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती. दूध संस्थेच्या दारात माणसं होती. यशवंता समोरच आपल्या घराच्या पायरीवर कुबड्या टेकून बसला होता. भरमूला कुणीतरी बोलावून आणलं. सुदर्शननं सगळ्यांसमोर सांगितलं, ज्या आवाजात त्या दिवशी सांगितलं होतं त्याच आवाजात. भोंगा खरंच बंद होता. भरमू खरं सांगत होता. चूक यंत्र बनवणाऱ्याची, म्हणजे माझी.



त्याला वाटलं होतं, कुणी शिव्या देईल. निदान यशवंता देईल. यशवंता नुसता त्याच्याकडे बघत होता, डोळ्यांत ऊन गेल्यासारखा.

“म्हंजे,” यशवंता शेवटी म्हणाला, “तुमी आत बोट घातलं, तवा वाजलं. हे खरं न्हवं का?”

“खरं.”

“आनि त्येच्या आदी बंद हुतं. हेबी खरं?”

“हो.”

“मग दोनी खरं. मग माजा पाय कशानं गेला?”

याचं उत्तर सुदर्शनला सर्किटातून देता आलं असतं. त्यानं तोंड उघडलं, आणि एकाएकी त्याला वाटलं की ते उत्तर खरं असलं तरी या प्रश्नाचं नाही.

यशवंताच्या बायकोनं आतून येऊन नवऱ्याचा खांदा धरला आणि त्याला घरात नेलं.

भरमू त्याला आपल्या घरी घेऊन गेला. चहा दिला. कामावर परत घेतील, असं सुदर्शननं सांगितलं; भरमू नुसतं “बगू” म्हणाला.

“भरमू, तू त्या दिवशी सांगत होतास,” सुदर्शन म्हणाला. “मी ऐकलं नाही.”

“ऐकलंसा की,” भरमू म्हणाला. “मी बोलत हुतो तवा तुमी यंत्राकडं बगत हुता, एवडंच.”

त्यात राग होता की नव्हता, सुदर्शनला ठरवता आलं नाही. परतीच्या वाटेवर तो तेच वाक्य घोळवत राहिला.

भोंगे उतरवले गेले. पाणी ओसरेपर्यंत बंधाऱ्यांवर माणसं बसली. सुदर्शनही बसला, त्याच गावच्या बंधाऱ्यावर, गोणपाट पांघरून. कंपनीत त्याचं सर्किट बघायला आता कुणी येत नसे. त्यानं तो लहानसा भाग परत घातला. कंपनीनं यशवंताच्या कृत्रिम पायाची सोय केली. भरमू कामावर आला, पण सुदर्शनशी कामापुरतंच बोलू लागला.

दिवाळी उलटून गेल्यावर सुदर्शन पुन्हा आजऱ्याला आला. सोबत नवं यंत्र होतं. बाई टेबलापाशी भिंग लावून काहीतरी सोल्डर करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण पायानं एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

“आता उठतं ते,” तो म्हणाला. “सावकाश वीज देऊन बघितली. थंडीत बघितलं. पहाटे अंगणात ठेवून लांब बसूनही बघितलं. दर वेळी उठतं.”

“बरं.”

“पण बाई…”

आयर्नच्या टोकाशी राळेचा धूर निघाला, त्यांनी तो फुंकरीनं बाजूला केला.

“मला आता कशाचीच खात्री वाटत नाही,” सुदर्शन म्हणाला. “पूर्वी मी बघितलं की मला वाटायचं, झालं, कळलं. आता बघतो आणि वाटतं, मी बघतोय म्हणून तर असं दिसत नसेल? लांब बसलो तरी मी अंगणात असतोच ना. कॅमेरा लावला तर कॅमेऱ्याची तार असते. मग नदीवर, पहाटे, कुणी नसताना… तिथं ते उठलंय की नाही, हे…”

हा प्रश्न त्याला मूर्खपणाचा वाटत होता. पण गेले कितीतरी दिवस त्याला झोपू देत नव्हता.

“मी तिथं नसताना, बाई, ते चालू आहे हे मला कसं कळणार?”

बाईंनी आयर्न त्याच्या जागेवर ठेवलं. डोळ्यावरचं भिंग काढलं. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या… इतका वेळ, की पूर्वी त्यांनी आपल्याकडे कधी असं बघितलं होतं का, हे त्याला आठवेना.

मग म्हणाल्या,

“ज्यांना कळायला हवं, ते तिथंच राहतात.”